खोली आहे तेवढीच दिसू दे

"दादा, नमस्कार. मी पुण्याची. बाणेर, वाकड, खराडी या पट्ट्यात बिल्डर लोकांचे सॅम्पल फ्लॅट आणि इंटिरियरवाल्यांची कामं पाच-सहा वर्षं शूट केली. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला आलेय, डिपेंडंट व्हिसावर, हाउन्स्लोला राहतो. इथल्या एका छोट्या डिझाईन स्टुडिओने माझं इन्स्टा बघून मेल केला. दोन कामं आहेत, वॉल्थमस्टोमध्ये एका जुन्या घराचं मागच्या बाजूचं एक्स्टेन्शन आणि सिटीमध्ये, म्हणजे लंडनच्या जुन्या ऑफिसवाल्या भागात, एका ऑफिसचा नव्याने केलेला मजला. पण त्यांनी लिहिलंय की फोटो सुंदर आहेत, फक्त जरा जास्तच वाइड वाटतात. आणि फोटो वापरायच्या लायसन्ससकट कोटेशन मागितलंय. दिवसाला चाळीस फोटो देईन असं लिहायला घेतलं पण हात अडखळला. लेन्स कोणती घेऊ, एचडीआर चालतं का, फोटो किती द्यायचे, पैसे किती मागू, कॉपीराइट कोणाचा? विचारायला संकोच वाटतो, पण इथे या लाइनीत ओळखीचं कोणीच नाही."

बरं झालं हात अडखळला. तो मेल गेला नसेल तर तसाच ड्राफ्टमध्ये राहू दे आणि आधी हे वाच, कारण तुझ्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्यांच्या त्या "जरा जास्तच वाइड" मध्येच आहे आणि तू ते घाईत वाचून पुढे गेलीस असं मला वाटतंय.

पुण्यात तू काढत होतीस ते फ्लॅट विकायचे फोटो. ते काम वाईट नाही, त्यावर घरं चालतात, पण त्याची गरज एकच असते, दहा बाय अकराची बेडरूम ऐसपैस दिसली पाहिजे. म्हणून मग दाराच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं, सोळा एमएमची, खूप रुंद दाखवणारी लेन्स लावायची, घरातले सगळे लाइट चालू, वर एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप एकत्र जोडणं, आणि खिडकीत निळंशार आकाश. गिऱ्हाईक ते बघून साइट व्हिजिटला येतं आणि फोटोचं काम तिथे संपतं. डिझाईन स्टुडिओला घर विकायचं नसतं, ते घर तर आधीच कुणाचं तरी आहे. त्यांना दाखवायचं असतं की अडचण काय होती आणि आम्ही ती कशी सोडवली.

ते वॉल्थमस्टोचं घर घे. भिंतीला भिंत लागलेली व्हिक्टोरियन काळातल्या घरांची रांग, प्रत्येक घर जेमतेम साडेचार-पाच मीटर रुंद, मागे स्वयंपाकघराच्या बाजूला एक अरुंद अंधारी बोळ उरते, तिला इथे साइड रिटर्न म्हणतात, ती घरात घ्यायची आणि वर काच टाकायची, मागे बागेकडे मोठं दार करायचं, अशी ही एक्स्टेन्शनं असतात आणि लंडनमध्ये छोट्या स्टुडिओंचं अर्धं पोट यावर भरतं. म्हणजे आर्किटेक्टने काय केलं, तर अरुंद आणि अंधाऱ्या जागेत उजेड आणला. आता तू सोळा एमएमने ती खोली मंगल कार्यालयाच्या हॉलएवढी दाखवलीस तर त्या माणसाने मग केलं काय? अडचणच दिसली नाही तर उत्तर कशाला दिसेल. शिवाय त्या लेन्सने जवळची खुर्ची ताणली जाते, फ्रिज तिरका होतो, आणि ज्या गोष्टींसाठी त्याने सुताराशी महिनोन्महिने वाद घातलाय, भिंत आणि सिलिंगच्या मध्ये सोडलेली दहा मिलिमीटरची फट, ओकच्या पॅनलचा सांधा, विटांचा थर काउंटरच्या रेषेला बरोब्बर येऊन मिळणं, ते सगळं लांब कुठेतरी बारीक होऊन जातं.

तर लेन्स. लगेच काही विकत घेऊ नकोस. तुझ्याकडे २४-७० ची झूम असेल, घरातले बहुतेक फोटो २४ ते ३५ मध्ये काढ, आणि पन्नासने, सत्तरने तुकडे काढ. अरुंद खोलीत मागे जायला जागा नसेल तर दारातून काढ, बागेतून आत बघत काढ, जिन्यावरून काढ. टिल्ट-शिफ्ट लेन्स या धंद्यात लागतेच, कॅननची १७ आणि २४ किंवा निकॉनची १९, कारण कॅमेरा लेव्हलला ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते, उभ्या रेषा उभ्या राहतात आणि सिलिंगही फ्रेममध्ये येतं. पण ती भाड्याने मिळते, त्या दोन दिवसांपुरती घे, भाड्याचे पैसे कोटेशनमध्ये खर्च म्हणून दाखव. भाड्याने देणारे इन्शुरन्स विचारतात किंवा मोठं डिपॉझिट ठेवायला लावतात, हे आधी विचारून ठेव. आणि नाहीच जमली तर कॅमेरा लेव्हलला ठेवून थोडं वाइड काढायचं आणि खालची जमीन क्रॉप करायची, आजकालच्या चाळीस-पन्नास मेगापिक्सलमध्ये ते खपून जातं. कॅमेरा वर किंवा खाली झुकवून मग लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करणं टाळ, खोलीची उंची-रुंदीची प्रमाणं बिघडतात आणि ज्याने ती खोली आखलीय त्याला ते एका नजरेत कळतं. उंचीचं म्हणशील तर घरात कॅमेरा कमरेच्या आसपास, मीटर-सव्वा मीटर, किचनमध्ये काउंटरच्या वरची पातळी थोडीशीच दिसेल इतका.

एचडीआर बटण दाबून जे तयार होतं ते इथे चालत नाही. भिंतीवर राखाडी छटा, खिडकीभोवती वलय, सावल्याच गायब. ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच फ्रेमचे कमी-जास्त उजेडाचे फोटो, कर, जरूर कर, पण जोडायचं हाताने, लेयर आणि मास्क लावून, आणि बाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा थोडं उजळच राहू दे, कारण डोळ्याला ते तसंच दिसतं. लाइट बंद करून एक फ्रेम, चालू करून एक फ्रेम, ट्रायपॉड न हलवता. काउंटरखालच्या पट्ट्या २७०० केल्विनच्या पिवळ्या असतात, वरच्या काचेतून येतो तो निळसर उजेड, आणि या मागच्या खोल्यांत तिसरा एक त्रास असतो जो पुण्यात तुला क्वचितच झाला असेल, तो म्हणजे बागेतल्या हिरवळीचा रंग उलटून पांढऱ्या सिलिंगवर येतो. स्क्रीनवर सिलिंगचा दाराकडचा भाग निरखून बघ, पोपटी झाक दिसेल. ती सगळीकडे एकच व्हाइट बॅलन्स लावून जात नाही, तेवढ्याच भागाला हाताने काढावी लागते. स्टुडिओने तो पांढरा रंग दहा शेडमधून निवडलेला असतो गं, तो हिरवा गेला तर त्यांना राग येणारच. कलर चेकरचा, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या कार्डाचा, एक फ्रेम प्रत्येक खोलीत घेऊन ठेव.

उजेडाचं मात्र तुला मुळापासून शिकावं लागेल, यात कमीपणा काही नाही, अक्षांशच वेगळे आहेत. पुणे साडेअठरावर, लंडन साडेएक्कावन्नवर. पुण्यात डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सूर्य अर्ध्या आकाशावर असतो, लंडनला डिसेंबरात दुपारी बारालाही तो क्षितिजाच्या वर फक्त पंधरा अंश, म्हणजे शेजारच्या घरांच्या छपरांमागेच राहतो आणि मागच्या अंगणात ऊन उतरतच नाही. चारच्या आत सूर्य मावळतो. उलट जूनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास ईशान्येला उगवतो, रात्री सव्वानऊनंतर वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीलाही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. म्हणून स्टुडिओला पहिला प्रश्न हा विचार की घराची मागची बाजू कुठल्या दिशेला आहे. सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप घे, फोटोपिल्ससारखं, आणि त्या दिवशी काचेच्या छतातून येणारं ऊन किती वाजता कुठल्या भिंतीवर पडेल ते आधी काढून ठेव. तो उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकतो, वीस मिनिटं मिळतात, त्याआधी फ्रेम लावून तयार राहायचं. आणि ढगाळ दिवस आला तर हिरमुसू नकोस, घराच्या आतल्या फोटोंना ढगाळ उजेडासारखा मऊ उजेड नाही. बाहेरच्या विटांना ऊन हवं. तेव्हा करारात एक ओळ टाक, पावसामुळे बाहेरचे फोटो दुसऱ्या दिवशी काढायचे झाले तर त्याचं काय.

आधी एकदा रिकाम्या हाताने घर बघून ये, फोनवर फोटो काढत, आर्किटेक्टला बरोबर घेऊन. त्याला सारखं एकच विचार, तुम्ही इथे काय केलंत, का केलंत. तो ज्या कोपऱ्याशी बोलताना थांबेल तो कोपरा लिहून ठेव. हे एक तासाचं काम शूटच्या दिवसापेक्षा मोठं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

शूटच्या दिवशी मग निम्मा वेळ आवराआवरीत जातो. कचऱ्याचे ते चाकांचे मोठे डबे, भांडी घासायचा स्पंज, रिमोट, चार्जरच्या वायरी, टॉयलेटचं झाकण, उशा, चादरीच्या सुरकुत्या, त्यासाठी छोटा स्टीमर जवळ ठेव. पण सगळंच उचलू नकोस, राहतं घर राहतं दिसू दे. आणि घरमालकांच्या खाजगी गोष्टी बारकाईने बघ, फ्रिजवरचं पोरांच्या शाळेचं वेळापत्रक, पत्ता लिहिलेली पाकिटं, किल्ल्या, अलार्मचं पॅनल, फॅमिली फोटो. हे फ्रेममध्ये नको. घरमालकाची लेखी परवानगी स्टुडिओने घ्यायची, पण घेतलीय ना हे तू विचारायचं. बूट काढून किंवा कव्हर घालून आत जा, ट्रायपॉडच्या पायांना रबर लाव, त्या लाकडी फरशीवर ओरखडा आला तर फार महाग पडेल.

ऑफिसचं काम दिसायला सोपं पण कागदांचं आहे. सिटीतल्या बिल्डिंगचं व्यवस्थापन तुला आत सोडण्यापूर्वी दोन गोष्टी मागेल, पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आणि रॅम्स, म्हणजे काम करताना कुणाला काय इजा होऊ शकते आणि तू ती कशी टाळणार, याचं एक-दोन पानी लिखाण. स्टँड कुणाच्या पायात येऊ नये, वायरी टेपने चिकटवणार, असलंच सगळं असतं, घाबरू नकोस. आत जाण्याची वेळ बहुतेक शनिवार-रविवार किंवा पहाटेची मिळेल. तिथे संध्याकाळचा तो निळा उजेड हवा असेल तर ऋतूचं गणित कर. पुण्यात सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खल्लास, इथे जूनमध्ये पाऊण तास मिळतो, पण तो रात्री साडेनऊ-दहाला, तेव्हा ऑफिस रिकामं आणि दिवे सेन्सरवर, कोणी हललं नाही की आपोआप विझतात. डिसेंबरात तोच उजेड सव्वाचारला येतो, माणसं कामावर, अख्ख्या बिल्डिंगचे दिवे चालू. म्हणून ऑफिसचे संध्याकाळचे फोटो हिवाळ्यात ठेव आणि घराचे उन्हाळ्यात, हे स्टुडिओला तू स्वतःहून सुचवलंस तर त्यांना कळेल की ही बाई विचार करून काम करते. उन्हाळ्यातच करायचं ठरलं तर फॅसिलिटी मॅनेजरला सांगून सेन्सर बंद करून घे.

ऑफिसमध्ये व्हाइटबोर्ड, स्टिकी नोट्स, चालू स्क्रीन, भिंतीवरची गिऱ्हाइकांची नावं, सगळं तपास. फोटोत माणसं घ्यायची तर कर्मचाऱ्यांची संमती आधी. माणसं घ्यावीत असं मी म्हणेन, पाव-अर्ध्या सेकंदाच्या शटरने चालणारा माणूस पुसट येतो, चेहरा ओळखू येत नाही पण जागेचं माप कळतं. फायर एक्झिटच्या पाट्या आणि स्मोक डिटेक्टर मनाने पुसू नकोस, विचारून मगच. लॉबीत भिंतभर चित्र असेल तर थांब. इंग्लंडच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायमच्या ठेवलेल्या शिल्पांचे फोटो काढायला मोकळीक आहे, पण भिंतीवरच्या चित्राला ती नाही, तोच फोटोचा मुख्य विषय असेल तर चित्रकाराची परवानगी लागते. आणि बाहेरून काढताना एक लक्षात ठेव, लंडनमध्ये रस्ता वाटणारी बरीच जागा खाजगी असते, कॅनरी वॉर्फ हा उंच ऑफिसांचा भाग त्यातलाच, तिथे ट्रायपॉड उघडला की सिक्युरिटी येते. ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये धंद्याच्या फोटोंना आधी परवाना काढावा लागतो. स्टुडिओचं पत्र खिशात असू दे.

आता तुझे चाळीस फोटो. दिवसाला दहा-बारा पक्के फोटो म्हण. खरंच. एका फ्रेमला खुर्च्या सरळ करणं, टेदर करून, म्हणजे कॅमेरा वायरने जोडून, लॅपटॉपवर आर्किटेक्टबरोबर बघणं, उजेडाची वाट बघणं, यात पाऊण तास सहज जातो, आणि नंतर प्रत्येक फोटोचं रीटच वेगळंच. स्टुडिओला वेबसाइटवर, स्पर्धेच्या फॉर्ममध्ये, मासिकाला पाठवायला तेवढेच लागतात. हेलेन बिने या फोटोग्राफरची कामं बघ, लंडनमध्येच असते, झाहा हदीद आणि पीटर झुमथोर या आर्किटेक्टांच्या इमारती तिने फिल्मवर काढल्यात, बरेचदा अख्खी इमारत नाहीच, भिंतीचा एक तुकडा आणि त्यावरची सावली, पण जागा कळते. तिच्या अगदी उलट इवान बान हा फोटोग्राफर, माणसं, गर्दी, आजूबाजूचं शहर सगळं आत घेतो. दोघांचंही बघ. रीबापिक्स नावाचा ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेचा ऑनलाइन फोटोसंग्रह आहे, त्यावरही चार संध्याकाळी घालव.

कॉपीराइटचं नीट समजून घे, इथे आपली सवय तुझ्या विरुद्ध जाईल. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणून बिल्डर हक्काने सगळ्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, फाइली मागतो आणि आपण पेनड्राइव्ह भरून देतो. इंग्लंडमध्ये तू नोकर नसून फ्रीलान्स आहेस, तर कॉपीराइट तुझा, लेखी सही करून दिलास तरच जातो. स्टुडिओ विकत घेतो ते वापरायचं लायसन्स, आणि त्यांनी तो शब्द आपणहून वापरलाय म्हणजे माणसं सरळ आहेत. रॉ द्यायच्या नाहीत. लायसन्समध्ये लिही की त्यांच्या वेबसाइट, सोशल मीडिया, स्पर्धा आणि मासिकांच्या बातम्यांसाठी चालेल, तुझं नाव छापायचं, आणि ते दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत. ही शेवटची ओळ सोडू नकोस. कारण काचेचं छत बनवणारा, किचनवाला, कॉन्ट्रॅक्टर, लाइटवाला, सगळे नंतर स्टुडिओकडे फोटो मागतात, आणि त्या प्रत्येकाने तुझ्याकडून वेगळं लायसन्स घ्यायचं असतं. किंवा शूटच्या आधीच त्यांना एकत्र करून खर्च वाटून घेता येतो, प्रत्येकाला थोडं कमी पडतं आणि तुला एकूण जास्त मिळतं, स्टुडिओला हा पर्याय नक्की विचार.

पैशाचा आकडा मी देणार नाही कारण तुझा खर्च मला माहीत नाही. पण पौंडाला रुपयांनी गुणून खूश होऊ नकोस, भाडं तू पौंडात भरतेस. दिवसाचा दर, रीटच प्रति फोटो, लायसन्स, मदतनीस, लेन्सभाडं, प्रवास, असं वेगवेगळं लिही, म्हणजे त्यांनी कमी करायला सांगितलं तर तू दर न पाडता फोटो किंवा लायसन्स कमी करू शकतेस. असोसिएशन ऑफ फोटोग्राफर्स ही इथली जुनी संघटना, तिच्याकडे अटींचे आणि लायसन्सचे नमुने असतात, ते बघून घे. काही रक्कम आगाऊ, बाकी तीस दिवसांत. पैसे रखडले तर १९९८ च्या उशिरा पेमेंटच्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर आणखी ८ टक्के व्याज लावता येतं, ती ओळ इनव्हॉइसच्या तळाशी छापून ठेव.

व्हिसाचं, नवरा स्किल्ड वर्कर असेल तर त्याच्या डिपेंडंटला स्वतःचा धंदा करता येतो, पण तुझ्या ई-व्हिसावर काय अट आहे ते स्वतः वाच. एप्रिल ते एप्रिल वर्षात धंद्याची कमाई १००० पौंडांच्या वर गेली की एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, नाव नोंदवायचं, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत. इन्शुरन्स मात्र पहिल्या शूटच्या आधीच.

आणि हो, इन्स्टावर टाकायची घाई करू नकोस. डिझाईनच्या मासिकांना आणि वेबसाइटींना आधी कुठेही न आलेला प्रोजेक्ट हवा असतो, तुझ्या एका स्टोरीमुळे त्यांचं छापून येणं हुकू शकतं. ते म्हणतील तेव्हा टाक.

मेलमध्ये सध्या कोटेशन पाठवूच नकोस. एवढंच लिही की वाइडचं म्हणणं पटलं, दोन्ही जागा तुमच्याबरोबर एकदा बघायच्या आहेत, प्लॅन आणि उत्तर दिशा पाठवा, फोटो मुख्यतः कशासाठी हवेत, स्पर्धा की मासिक की वेबसाइट, आणि तुमच्याशिवाय आणखी कोणाला हे फोटो लागणार आहेत. ही उत्तरं आली की दोन दिवसांत कोटेशन देते म्हणून सांग. कोटेशनचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव, आकड्यांसकट, मी बघून देतो.